आभाळातून पडलेला दगड ओळखायचा कसा? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत विज्ञान शिकवतो आणि उन्हाळ्यात गच्चीवर दुर्बीण लावून पोरांना तारे दाखवतो. एवढ्या भांडवलावर आमच्या भागात कुणाला काळा दगड सापडला की तो माझ्या दारात येतो. कधी व्हॉट्सॲपवर अंधुक फोटो, कधी उपरण्यात बांधलेला गोटा, एकदा तर पेढ्याच्या खोक्यात कापूस घालून. सोबत प्रश्न ठरलेला: "सर, हाऊ काय शे?" पुढचे प्रश्नही ठरलेलेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

उल्का, अशनी, उल्कापाषाण. नेमकं काय म्हणायचं?

आकाशात दिसते ती प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का. आपण "तारा तुटला" म्हणतो ती. त्यातला जो तुकडा न जळता जमिनीपर्यंत पोचतो तो उल्कापाषाण किंवा अशनी. रात्री दिसणाऱ्या बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि वरच संपतात. ऑगस्टातल्या किंवा डिसेंबरातल्या उल्कावर्षावातून दगड मिळेल म्हणून शेत धुंडाळू नका.

ताज्या उल्कापाषाणाची पहिली खूण कोणती?

साल. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे भरताचं वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजतात. वरची साल जळून काळी, कागदासारखी पातळ होते. नखाने जरा सोललं की आत एकदम फिका गर. ताजा उल्कापाषाण दिसायला तसाच असतो. वातावरणात शिरताना त्याचा वेग सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असतो. पुढच्या हवेवर दाब येऊन ती प्रचंड तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर लगेच उडून जातो. वेग कमी झाला की शेवटचा उरलेला थर थिजतो, तीच ही साल. जाडी साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. रंग काळा, पण बहुतेक दगडांत चकाकी नसलेला, काजळी धरलेल्या तव्याच्या बुडासारखा.

वांग्याशी तुलना एका बाबतीत मात्र फसते. वांगं आतपर्यंत शिजतं, दगड आतून जसाच्या तसा राहतो. सगळा प्रकार काही सेकंदांत उरकतो आणि दगडातून उष्णता हळू आत जाते, त्यामुळे झळ वरच्या काही मिलिमीटरांच्या पुढे पोचत नाही. म्हणूनच काळी साल आणि फिका गाभा यांच्यामधली सीमा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. माझ्याकडे आलेल्या दगडाची तुटलेली कड मी आधी पाहतो. काळा रंग आतपर्यंत गेलेला असला की चहा मागवतो आणि गप्पा दुसऱ्या विषयाकडे वळवतो.

साल असेल तर तिच्यावर काय पाहायचं?

बारकाईने पाहायला भिंग हवं, दहा पटीचं असलं तर उत्तम. सालीवर कधीकधी बारीक रेघा दिसतात, वितळलेला थर मागे वाहून गेल्याच्या खुणा. दगड गडबडा न लोळता एकाच बाजूने खाली आला असेल तर पुढची बाजू घुमटासारखी होते, रेघा तिथून चहूकडे फाकतात आणि मागच्या कडेला वितळलेल्या द्रवाची ओठासारखी किनार जमते. सालीला भेगांचं बारीक जाळंही असू शकतं, कारण वरचा थर थंड होताना आकसतो.

काही दगडांवर भाकरीच्या पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. सगळ्यांवर नसतात, आणि आपल्या नदीतल्या गोट्यांवरही तसे खळगे पडतात. खळगे दिसले म्हणून उड्या मारू नका, नाहीत म्हणून फेकूनही देऊ नका.

कडा मात्र जरूर पाहाव्यात. उल्कापाषाणाच्या कडा बोथट, गोलसर असतात, खडी फोडल्यासारख्या धारदार नसतात. हवेत उशिरा फुटलेला तुकडा असेल तर फुटलेल्या बाजूवर दुसरी साल चढते, ती पहिलीपेक्षा पातळ आणि खरबरीत असते. एकाच दगडावर दोन जाडीच्या साली दिसल्या तर मात्र मी चहा विसरतो.

आतून तो कसा दिसतो?

पडताना पाहिलेल्या उल्कापाषाणांत दहापैकी नवाहून जास्त दगडी असतात. पूर्ण लोखंडी असतात शंभरात पाचेक. तरीही लोकांच्या मनात उल्का म्हणजे लोखंडाचा गोळाच असतो.

दगडी प्रकारातला सर्वात नेहमीचा म्हणजे कोंड्राइट. त्याचा आतला भाग सिमेंटच्या तुकड्यासारखा राखाडी असतो आणि त्यात धातूचे चकाकणारे कण विखुरलेले असतात. उन्हात दगड हळूहळू फिरवला की ते चमकतात. जोडीला मोहरीएवढे किंवा त्याहून लहान गोल दाणे दिसले तर फारच उत्तम, ते सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचे आहेत. गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाला इथे २८ जानेवारी १९७६ च्या रात्री पडलेल्या दगडांत हे दाणे अगदी सुटे दिसतात. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला भर दुपारी दगड पडले, तो एल६ जातीचा कोंड्राइट आहे. एल म्हणजे लोह कमी असलेला गट, आणि ६ म्हणजे ज्या लघुग्रहाचा तो तुकडा, त्यातच इतका भाजून निघालेला की दाणे आजूबाजूच्या दगडात विरघळल्यासारखे झालेत. दाणे दिसले नाहीत म्हणजे दगड खोटा, असा अर्थ होत नाही.

पाहण्यासाठी दगड फोडू मात्र नका. पडताना कुठेतरी कोपरा उडालेलाच असतो, तेवढा पुरतो.

लोहचुंबक चिकटलं! मग नक्की झालं ना?

नाही. खान्देशात तर अजिबात नाही.

आपण बसलोय ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर. धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती पाहा, जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला लाव्हाच तो. या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात आणि ते चुंबकाकडे ओढले जातात. तापी, गिरणा, पांझरा, कुठल्याही नदीच्या वाळूत चुंबक फिरवून बघा, मिशा फुटल्यासारखी काळी वाळू चिकटून येते. पुस्तकात "चुंबक लावून पाहा" हा सल्ला असतो, पण चुनखडीच्या मुलखात तो जितका उपयोगी, तितका इथे नाही. इथे उलट वापरा: चुंबक बिलकूलच ओढलं गेलं नाही तर कोंड्राइटची शक्यता खूप कमी होते. ओढलं गेलं तर काहीच सिद्ध होत नाही.

त्यातून जुन्या स्पीकरमधलं किंवा हार्डडिस्कमधलं जबरदस्त चुंबक दगडावर घासू नका. त्या दगडात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद असू शकते, आणि तुमचं चुंबक एका क्षणात ती पुसून टाकतं. हौस असेलच तर दगड स्थिर ठेवा आणि साधं होकायंत्र हळूच जवळ न्या. सुई हलते का तेवढं पाहा.

खूप जड आहे हो, हातात घेऊन बघा!

घेतो. पण आपला काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतो आणि साधा कोंड्राइट सव्वातीन ते पावणेचार पट. एवढा फरक हाताला जेमतेम कळतो, आणि मनात उल्का भरली असेल तर कुठलाही दगड जड लागतो. पूर्ण लोखंडी दगडाची गोष्ट वेगळी, तो जवळजवळ आठपट जड. घनता मोजायला दगड पाण्यात बुडवावा लागतो. साल चांगली दिसत असेल तर ते करूच नका, कारण पुढे सांगतो.

दगडाला बारीक भोकं आहेत. अवकाशातली असतील का?

भोकं दिसली की माझं निम्मं काम होतं. उल्कापाषाणात बुडबुड्यांची भोकं जवळजवळ नसतातच. बुडबुडे येतात वायू सुटणाऱ्या वितळलेल्या पदार्थात, म्हणजे लाव्ह्यात किंवा भट्टीत. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची ही यादीच पाहा.

पहिला, सच्छिद्र काळा पाषाण. काही भोकांत पांढरी खनिजं भरलेली असतात. घरच्याला पाहुणा समजण्याचा हा प्रकार.

दुसरा, मंडूर. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा मळ. काळा, जड, चुंबकाला चिकटणारा, एका बाजूला काचेसारखा चकचकीत. आयुर्वेदात भस्म करतात तोच. जुन्या गावठाणात, पांढरीच्या टेकाडावर नांगराला हमखास लागतो.

तिसरा, भट्टीतली राख वितळून झालेला खंगर. वीटभट्टीच्या आसपास ढिगाने, आणि भुसावळकडे रुळांच्या कडेला वाफेच्या इंजिनांच्या काळातला कोळशाचा. हलका, खडबडीत, भोकांनी भरलेला.

चौथा खरा बिलंदर. हा मला दोन दिवस पुरला होता. एका आजोबांनी आणलेला मुठीएवढा दगड: बाहेरून काळी पातळ साल, कोपऱ्यावर आत स्वच्छ राखाडी, सीमा एकदम स्पष्ट. भोकं नाहीत, चुंबकाला हलकीशी ओढ. भिंगाखाली धातूचे कण काही दिसेनात, तरी मन मानेना. तिसऱ्या दिवशी दुपारी दगड खिडकीत उन्हात राहिला आणि कागदाला चिकटून बसला. वास घेतला तर डांबर! रस्त्याच्या कामावरची डांबर चढलेली खडी होती ती, वर्षानुवर्षं चाकांखाली घासून गोलसर झालेली. तेव्हापासून संशयित सालीवर मी तापवलेल्या सुईचं टोक टेकवतो. डांबर असेल तर मऊ पडतं आणि वास येतो.

याशिवाय कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड येतात. ती काळ्या पाषाणाची नेहमीची झीज. गारगोटीच्या शिरा दिसल्या तर विषय तिथेच मिटला, कारण तशी गार उल्कापाषाणात मिळत नाही.

उचलला तेव्हा दगड चटका बसेल इतका गरम होता. आजूबाजूचं गवतही जळालं होतं.

मे महिन्यात जळगावला दुपारी कुठलाही काळा दगड उचलून बघा.

खरी गोष्ट लोकांना पटत नाही: पडलेला दगड बहुधा कोमट किंवा थंड असतो. पंधरा-वीस किलोमीटर उंचीवरच त्याचा मूळ वेग संपतो, प्रकाश विझतो. तिथून पुढे साध्या दगडासारखा तो काही मिनिटं थंड हवेतून खाली येतो. त्याचा गाभा तर अवकाशातल्या गारठ्यातूनच आलेला. गवत, कापसाच्या गंज्या, गोठे उल्केने पेटत नाहीत. वीज पडल्यावर जमिनीत दगड सापडतो, हा समजही जुना आहे. वीज वाळूत शिरली तर काचेची वेडीवाकडी नळी होऊ शकते, गोळा नाही.

माझ्या डोळ्यांदेखत नाल्यापलीकडच्या शेतात पडला! तिथे का सापडत नाही?

कारण तो बहुधा पन्नास-शंभर किलोमीटर लांब होता. क्षितिजाआड जाणारा प्रकाश नेहमीच शेजारच्या शिवारात पडल्यासारखा दिसतो. यावलला "रावेरकडे पडला" म्हणतात तेव्हा रावेरचे लोक "मध्यप्रदेशात पडला" म्हणत असतात. दगड खरंच जवळ पडत असेल तर तुम्हाला जमिनीकडे येणारा प्रकाश दिसतच नाही. प्रकाश वरच विझतो आणि मग आवाज येतो.

तो आवाज महत्त्वाचा. लख्ख गोळा दिसला की मनात आकडे मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. दीड मिनिटाने गडगडाट आला तर स्फोट तुमच्यापासून तीस किलोमीटरच्या आसपास. आवाजच आला नाही तर दगड तुमच्या तालुक्यात नाही.

शोधायचंच असेल तर डांबरी रस्ते, पत्रे, गच्च्या, मोकळी खळी आधी पाहा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत सुपारीएवढा दगड गेला की गेला. मोठा खड्डाही शोधू नका. किलोभराचा दगड ताशी दोनशे ते चारशे किलोमीटरने येतो, वीतभर खळगा पडला तरी खूप.

२०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही जे पाहिलं ते काय होतं?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. खान्देशापासून विदर्भापर्यंत लोक अंगणात उभे राहून व्हिडिओ काढत होते. तो रॉकेटचा कचरा होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आणि तो चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. फरक डोळ्यांनीही कळत होता. उल्का दोन-चार, फार तर दहा सेकंदांत आटोपते. हे प्रकरण आगगाडीसारखं सावकाश, आडवं, एकामागे एक डबे जोडल्यागत चाललं होतं. असं काही पडलं तर हात न लावता पोलिसपाटलांना सांगा. टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

सगळे ताजे दगड काळेच असतात का?

बहुतेक, पण नाही. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात दियोदर भागात पडलेला दगड ऑब्राइट नावाच्या दुर्मीळ प्रकारचा. या प्रकारच्या खनिजांत लोह जवळजवळ नसतं, म्हणून साल काळी होत नाही आणि दगड पांढरट दिसतो. उलट जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ ला पडलेला कार्बनी दगड आतूनही काळा आणि इतका ठिसूळ की पडताच फुटला. काही दगडांची साल वार्निश दिल्यासारखी चकचकीतही असते. भरताच्या वांग्याचा नियम यांना लागू पडत नाही. अशा वेळी "पडताना पाहिला, आवाज ऐकला, काल इथे नव्हता" ही साक्ष सालीपेक्षा मोलाची ठरते.

खरंच सापडला तर पहिल्यांदा काय करायचं?

जागेवरच, उचलण्याआधी, फोटो. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. मोबाइलवर त्या जागेचं लोकेशन साठवा, तारीख-वेळ लिहा. मग स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून दगड उचला, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतील तर त्या सोबत टाका.

धुवू नका. आतल्या लोखंडाला पाणी लागलं की गंजू लागतं. एका पावसात काळ्या सालीवर तांबूस ठिपके येतात, काही आठवड्यांत सगळाच तपकिरी. साल काळी आणि गंज नसणं हीच ताजेपणाची खूण, ती आपल्याच हाताने घालवू नका. आणि आता नाजूक विषय: शेंदूर, तेल, हळदकुंकू, दूध यांपैकी काहीही नको. श्रद्धेला माझी ना नाही, डब्याबाहेरून नमस्कार करा. पण तेलात भिजलेल्या दगडातली मूळ सेंद्रिय रसायनं प्रयोगशाळेला वेगळी काढता येत नाहीत.

कळवायचं कुणाला?

तलाठी किंवा तहसीलदारांना लेखी, आणि त्यांच्यामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला. त्यांचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. देशातले उल्कापाषाण सांभाळण्याचं काम हीच संस्था करते. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळाही दगड तपासते. घाई का, तर अवकाशातल्या किरणांमुळे दगडात तयार झालेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं तासांत, दिवसांत, महिन्यांत संपतात. ती मोजली तर दगड अवकाशात केवढा होता, त्याचा अंदाज येतो.

किरणोत्सारी? मग घरात ठेवणं धोक्याचं?

नाही. प्रमाण इतकं कमी की मोजायला शिशाच्या कवचात संवेदनशील यंत्र लागतं.

सोनाराच्या कॅरेट मशीनवर तपासून घेऊ का?

जळगावकरांचा लाडका प्रश्न, आणि वाईट नाही. ते यंत्र क्ष-किरणांनी धातू ओळखतं. उल्कापाषाणातल्या लोखंडात साधारण ५ टक्के आणि वर निकेल असतं, ते दिसायला हवं. पण यंत्र सोन्याचांदीसाठी बेतलेलं, दगडावरचे आकडे भरवशाचे नाहीत. शिवाय निकेल स्टेनलेस स्टीलच्या वाटीतही असतं. निकेल शून्य आलं तर शंका वाढते, आलं तर एवढ्यावर नाचू नका.

लाखो रुपये मिळतात म्हणे?

"तांदूळ ओढणारा दगड", "वीज पडलेलं भांडं" घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांनी शिकलेल्या माणसांनाही बुडवलंय. तपासणीसाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस दगड विकत घ्यायला आलेला नसतो.

लोणारहून आणलेला दगड उल्केचाच असणार ना?

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या धडकेत आदळणारा पिंड उरत नाही. तिथला दगड म्हणजे आपलाच काळा पाषाण, फार तर त्या आघाताने वितळून झालेली काच. आणि तो भाग संरक्षित आहे, उचलून आणू नये.

खान्देशात कधी पडलाय का?

पडलाय. २७ नोव्हेंबर १८७७ ला धुळे भागात पडलेला दगड जगाच्या नोंदीत "भागूर" नावाने आहे. काटोलसारखाच एल६.

आणि तुमच्याकडे आलेल्यांपैकी खरे किती निघाले?

एकही नाही. डांबराच्या खडीवाल्या आजोबांना मी सगळं समजावून सांगितलं, सुई टेकवून वासही दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, दगड परत उपरण्यात बांधला आणि दारातून वळून म्हणाले, "सर, तुम्ही दोन दिवस ठेवून घेतला म्हणजे काहीतरी असेलच की." तुळशीपाशी ठेवलाय म्हणतात.